दोन बोटं सैल

शिडं शिवायच्या खोलीत पायताण घालून कुणालाच जाता येत नसे. दारात एक फळी होती, तिच्यावर चपला-बूट ठेवायचे, पाय पुसायचे आणि मग त्या लांबरुंद लाकडी जमिनीवर पाऊल टाकायचं. जमीन इतकी गुळगुळीत, की खिडकीतलं आभाळ तिच्यात उतरलेलं दिसे. मधोमध जमिनीतच एक खड्डा होता आणि खड्ड्यात शिलाईचं मशीन. शिवणारीनं खड्ड्यात उतरून बसायचं, म्हणजे मशीन आणि जमीन एका पातळीत येत आणि खोलीभर पसरलेलं शीड सुईखालून संथ पाण्यासारखं सरकत जाई. तिला सगळे ताई म्हणत. टपालवाला मात्र दारातून हाक मारी, "आहे का जमिनीतून उगवलेली बाई घरात?"

ताईची एक रीत होती. ज्याला नवं शीड हवं त्यानं जुनं शीड घेऊन यायचं, आणि होडीवर जेवढी माणसं राहणार तेवढ्यांनी मिळून ते तिच्यासमोर पसरून पुन्हा त्याची घडी घालायची. "माप होडीकडून घेते मी," ती म्हणे, "पण कापड कुठलं ते माणसं सांगतात." आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून ती नुसती बघत बसे.

त्या सकाळी शिंपीमास्तर आणि त्यांची बायको, सगळ्यांच्या काकू, आले. मास्तर म्हणजे ज्यांनी चाळीस वर्षं गावातल्या निम्म्या नवरदेवांचे कोट शिवले आणि निम्म्या शाळकरी पोरांच्या चड्ड्या. गेल्या वर्षी दुकान बंद केलं आणि एका दाताच्या डॉक्टरची जुनी, नऊ मीटर लांबीची होडी घेतली. पोहायला धड येत नाही, आणि म्हातारपणी होडी! गावानं कपाळाला हात लावला. मास्तरांनी लक्ष दिलं नाही. वर्षभर शिकले, पडले, खारले, आणि आता वारे फिरले की किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेकडे जायचं, एक वर्ष पाण्यावर काढायचं, असा त्यांचा बेत होता. बेत दोघांचा होता की एकट्या मास्तरांचा, हे मात्र ताईला अजून कळायचं होतं.

काकू मास्तरांच्या मागून आल्या. दुकानात त्या सगळी वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसत. काज, बटणं, हातशिलाई, अस्तर, सगळं त्यांचं. उजवा पाय किंचित जपून टाकत होत्या.

"घाला घडी," ताई म्हणाली.

जुनं शीड पसरलं. विणलेल्या पॉलिएस्टरचं, एकेकाळी पांढरं, आता जुन्या दातांसारखं पिवळसर. मास्तरांनी एक टोक धरलं, काकूंनी दुसरं.

"हां, आता माझ्याकडे बघ. सरळ. पँटच्या घडीसारखी यायला पाहिजे."

"तुमची बाजू पुढे गेली," काकू म्हणाल्या.

"ओढ गं, ओढ. ढिलं सोडू नकोस."

"अहो, तुमची बाजू पुढे जातेय."

"झालंच, झालंच."

झालं ते असं, की शेवटच्या घडीला मास्तरांचं टोक हातभर पुढे आणि काकूंचं हातभर मागे. मास्तर त्या तिरप्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "कापडच म्हातारं झालंय. चाल सोडलीय त्यानं."

काकूंनी हातातलं टोक खाली ठेवलं. ताईनं ते बघितलं आणि मनात ठेवून दिलं.

मग तिनं दोन तुकडे आणले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक लॅमिनेट. दोन पातळ पापुद्रे, मध्ये दोऱ्यांची जाळी, सगळं गोंदानं दाबून एक केलेलं. उजेडाकडे धरलं तर पानाच्या शिरांसारखे दोरे दिसत. दुसरं विणलेलं पॉलिएस्टर, पांढरं, दाट, उभ्या-आडव्या धाग्याचं, साधं कापड.

मास्तरांनी लॅमिनेट उचललं आणि त्यांचे डोळे लकाकले. चारी दिशांनी ओढून पाहिलं. तिरपं ओढलं. तसूभरही ढळलं नाही.

"आयुष्य गेलं हो माझं कापडाशी भांडण्यात," ते म्हणाले. "आज शिवलेल्या पँटचे उद्या गुडघे निघायचे. तिरप्यात ओढलं की संपलं. आणि हे बघा! दगडावरची रेघ आहे."

"कोपऱ्यात सुरकुतलं तर?" काकूंनी विचारलं.

ताईनं दोन्ही बाजू सांगितल्या, जशा होत्या तशा. "लॅमिनेट वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. वारा वाढला तरी सपाट राहतं, म्हणून होडी कमी कलते. हलकंही असतं. पण दुमडलं की रेघ पडते आणि रेघेवर पापुद्रा सुटायला लागतो. आत ओल शिरली की काळे ठिपके. आणि जायचं तेव्हा न सांगता जातं. फाटलं तर टाका घालून भागत नाही, सुईचं भोकच चिरत जातं. वरून पट्टी चिकटवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. विणलेलं हळूहळू म्हातारं होतं. पोट सुटतं त्याला, होडी जास्त कलायला लागते. कुरकुर करत करत वर्षं काढतं. फाटलं तर सुईदोरा घ्या आणि शिवा."

"पोट सुटतं, कुरकुर करतं आणि टिकतं," काकू म्हणाल्या. "असलं एक आहे माझ्याकडे."

ताई खळखळून हसली. मास्तरही हसले, पण लॅमिनेटचा तुकडा त्यांनी हातातून सोडला नाही.

काकू हात धुवायला आतल्या नळावर गेल्या तेव्हा मास्तर खड्ड्याच्या काठाशी आले आणि आवाज खाली आणला.

"ताई, तुम्हाला सांगतो. मागच्या खेपेला होडी कलली आणि ही आत स्टोव्हजवळ आपटली. खुब्याला मार बसला. दोन महिने झोपून. तेव्हापासून होडीवर पाय ठेवलेला नाही तिनं. धक्क्यापर्यंत येते आणि उभी राहते. येणार आहेस का, विचारलं, तर म्हणते, बघू. हे बघू काय असतं ते मला चाळीस वर्षं माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसलं की बघू. होडी कलली नाही तर येईल ती. म्हणून मला हेच पाहिजे. लॅमिनेट."

"आणि नाहीच आल्या तर?"

मास्तरांनी हातातल्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "तर मग होडी विकायची. एकट्यानं कुठं जायचं? कुणाला सांगायचं, अगं ते बघ म्हणून?"

नळ बंद झाला. मास्तर सरळ उभे राहिले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. डोलकाठीची उंची, खालच्या आडव्या दांड्याची लांबी, सगळं निळ्या पेन्सिलीनं, सुबक अक्षरात, जसं ते छाती-कंबर-बाही लिहीत आले तसं.

"मापं मीच घेतलीत. तुम्हाला धक्क्यापर्यंत यायचा त्रास नको."

ताई मापं नेहमी स्वतः घेई. पण समोर उभा होता चाळीस वर्षं मापं घेतलेला माणूस, त्याच्यावर अविश्वास दाखवणं म्हणजे सुताराला करवत धरायला शिकवणं. तिनं कागद घेतला. लॅमिनेटचे पट्टे तिच्याकडे कापले जात नसत. मापं पाठवली की दूरच्या कारखान्यातून यंत्रानं कापून, गोंदानं जोडून येत. ही मापं परवा पाठवायची ठरली.

"तुमचं काय म्हणणं, काकू?" ताईनं विचारलं.

"माझं काय?" काकू पायात चपला सरकवत होत्या. "यांचं शीड आहे, यांनी ठरवावं."

असं बोलणं कानाला मऊ आणि हाताला गार लागतं. मास्तर पायऱ्या उतरताना शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी ताईनं ते जुनं शीड पुन्हा पसरलं. मापं पाठवायच्या आधी एकदा ताडून बघावं, एवढंच मनात. तिनं उभी कड मोजली, मास्तरांचा कागद बघितला आणि पुन्हा मोजली. कागदावरचं माप जवळजवळ वीतभर जास्त होतं.

वापरून वापरून शीड लांबतं, आखडत नाही. नवं असताना हे याहूनही थोडं लहान असणार. मग डोलकाठी वीतभर उंच कशी झाली? डॉक्टरनं शीड आखूड शिवून घेतलं होतं? असेलही. नसेलही. कापड असतं तर तिनं म्हटलं असतं, शिवू या, जास्त झालं तर उसवून कमी करू. पण गोंदानं जोडलेलं उसवायचं कुठून? एकदा आलं की आलं. वीतभर लांब शीड डोलकाठीच्या टोकाला पोचून थांबणार, ताणच बसणार नाही त्याला, कडेनं झोळ लोंबत राहणार. आणि झोळ म्हणजे पुन्हा कलणारी होडी.

ती पोलादी फीत घेऊन धक्क्यावर गेली.

धक्का म्हणजे पाण्यात शिरलेली लांब फळ्यांची वाट. दोन्ही बाजूंना होड्या, दोरांची करकर, ऊन पाण्यावरून परतून होड्यांच्या पोटांवर हलत होतं. मास्तरांची डोलकाठी तपासणीसाठी उतरवून अलीकडे किनाऱ्यावर लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. मास्तर तिला फडक्यानं पुसत होते. काकू जवळच्या बाकावर बसल्या होत्या, हातात काही नाही, ओंजळ मांडीवर.

"मास्तर, एकदा मोजून दाखवता का? कसं मोजलंत ते."

"का हो?"

"सहज."

मास्तरांनी गळ्यातली फीत काढली. दुकान बंद झालं तरी फीत गळ्यातून गेली नव्हती. वरच्या खुणेला टोक लावलं, फीत ताणली, संपली तिथे नखानं खूण केली, पुढे सरकले. पुन्हा टोक, पुन्हा ताण, पुन्हा नख. हात असा सराईत की बघत राहावं. आणि प्रत्येक वेळी, फीत ताणायच्या आधी, डाव्या हाताची दोन बोटं फितीखाली जात. डोलकाठी आणि फीत यांच्या मध्ये, अलगद. फीत त्या बोटांवरून चढून पलीकडे उतरे. सात वेळा फीत सरकली. सातही वेळा बोटं आत.

ताईला कळलं, पण ती बोलायच्या आधीच बाकावरून आवाज आला.

"अहो!"

"काय?"

"बोटं काढा."

"कुठली बोटं?"

"फितीखालची! काठीला सैल माप घेताय होय?" काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. "जेवल्यावर तंग होईल म्हणून?"

मास्तरांनी आपल्या हाताकडे बघितलं. दोन बोटं फितीखाली होती, जशी चाळीस वर्षं प्रत्येक छातीवर, प्रत्येक कमरेवर होती, अंगाला कपडा आवळू नये म्हणून, माणसाला श्वास घेता यावा म्हणून. ती त्यांना दिसतच नसत.

"मास्तर," ताई हसू दाबत म्हणाली, "डोलकाठी श्वास घेत नाही हो."

काकूंना हसू आवरेना. त्या डोलकाठीला धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "हिला इस्त्रीही करून देतील! शेजारच्या होडीचा काळा कोट शिवायला घेतील!" मास्तरांचा चेहरा आधी पडला, मग त्यांनाही राहवेना. पलीकडच्या होडीवरचा माणूस डोकं वर काढून बघायला लागला.

हसून झाल्यावर मास्तरांना पुढचं दिसलं. ते हळूच म्हणाले, "उद्या ही मापं कारखान्यात गेली असती."

"गेली असती," ताई म्हणाली.

"आणि मग?"

"मग काही नाही. त्याला शिवण नाही, उसवण नाही."

मास्तर घोड्याच्या कडेला टेकले. उसवणं हा शब्द त्यांना कापडाइतकाच जवळचा. चाळीस वर्षांत त्यांनी किती चुकीचं कापलं आणि किती वेळा काकूंनी डाव्या हाताला बसून, पातं चालवून, धागा धागा मोकळा करून ते पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं, त्याची गणतीच नव्हती. गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही.

"तो आडवा दांडा राहिला मोजायचा," काकू एकदम म्हणाल्या. "तो होडीवरच आहे ना? द्या ती पोलादी फीत. मी मोजते."

ताईनं फीत दिली. काकू फळ्यांवरून चालत गेल्या. होडी आणि धक्का यांच्यामध्ये वीत-दीड वीत पाणी होतं, हिरवं, हलतं. त्या थांबल्या. ताई मागे होती, तिनं हात पुढे केला नाही, फक्त आपला खांदा जवळ आणून ठेवला. काकूंनी त्यावर पंजा टेकला, जपलेला पाय आधी उचलला आणि पलीकडे ठेवला. मग दुसरा. होडीनं एवढीशी मान डोलावली. मास्तर मागे फडकं हातात धरून उभे होते, श्वास कोंडून, जणू हलले तर पक्षी उडून जाईल.

दांडा मोजला. बोटांशिवाय. मास्तरांच्या कागदापेक्षा चार बोटं कमी भरला.

मग तिघं होडीच्या पोटात बसून चहा प्याली. त्याच स्टोव्हवरचा चहा. काकूंनी कप खाली ठेवला आणि स्टोव्हच्या पितळी कठड्याकडे बघत म्हणाल्या, "इथेच आपटले होते."

"म्हणून तर मी म्हणतो," मास्तर पुढे सरसावले, "सपाट शीड घेतलं की होडी कलणारच नाही..."

"मी दोनदा म्हटलं होतं."

"काय?"

"त्या दिवशी. पाण्यावर वाऱ्याचा काळा पट्टा दिसला. मी म्हटलं, शीड लहान करा. तुम्ही म्हणालात, थांब गं, मस्त चाललीय. पुन्हा म्हटलं. तुम्ही म्हणालात, झालंच. मग तो काळा पट्टा पोचला." काकूंचा आवाज चढला नव्हता. भाजी निवडताना बोलावं तसं त्या बोलत होत्या. "मी कलण्याला भीत नाही. दुकानात आपलं आयुष्य काय सरळ चाललं होतं? मला भीती वाटते मी सांगितलेलं वाऱ्यावर जाण्याची. जमिनीवर ठीक आहे, जमिनीवर फार तर घडी तिरपी होते."

बाहेर एक दोर डोलकाठीवर टकटक करत होता, शेजारच्या होडीचा. मास्तरांनी कानाची पाळी चोळली.

"मला वाटलं, तुला होडी नको."

"मला विचारलंत का?"

"विचारलं ना! येणार का म्हणून."

"ते विचारणं नव्हे. ते बोलावणं."

ताईनं कपात बघितलं. कपात काही नव्हतं, पण नवरा-बायकोच्या बोलण्यात बसलेल्या माणसाला कुठे तरी बघावं लागतं.

शेवटी मास्तरच तिच्याकडे वळले. "ताई, तुम्ही काय कराल? खरं सांगा."

"तुमच्या दोघांची घडी बघितली तेव्हाच मनात आलं होतं," ताई म्हणाली. "विणलेलं घ्या. चांगल्या दाट विणीचं देते, कापही सपाट ठेवते. खोटं सांगत नाही, लॅमिनेटइतकं सपाट ते राहायचं नाही, पाच-सहा वर्षांत पोट सुटेल. पण त्याला आवळायच्या तीन जागा ठेवते. खालचा एकेक पट्टा दांड्याला बांधला की शीड लहान होतं. वारा यायच्या आधी बांधलंत तर होडी उभी राहते, कापड कुठलंही असो. वारा आल्यावर बांधायला गेलात तर लॅमिनेटही आडवंच पडतं."

"आणि आधी म्हणजे कधी, हे कसं कळायचं?"

मास्तरांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"विणलेलंच करा," काकू म्हणाल्या. "फाटलं तर मी शिवीन. त्या चकचकीत कागदापुढे माझे हात काय करणार?"

"म्हणजे येणार तू?"

"बघू," काकू म्हणाल्या.

शीड शिवायला तीन आठवडे लागले. लांब शिवणी मशीनवर ताईच्या, पण कोपरे आणि दोर ओवायच्या कड्या हातानं शिवायच्या असतात, तिथं सात-आठ थर कापड एकावर एक. काकू रोज दुपारी येऊ लागल्या. ताईनं त्यांना चामड्याची पट्टी दिली, तळव्यावर बसणारी, तिच्यातल्या लोखंडी टिकलीनं सुई पुढे रेटायची. पहिल्या दिवशी काकूंचा टाका कोटाच्या काजासारखा नाजूक आला.

"काकू, वारा नवरदेव नाही," ताई म्हणाली. "जरा ओढा दोरा, अंग टाकून."

दुसऱ्या दिवसापासून त्या अंग टाकून ओढू लागल्या. मेण लावलेला दोरा कापडातून येताना गुणगुणल्यासारखा आवाज करी. एका कडीला चोवीस टाके. मोजताना गोंधळ होई, म्हणून काकूंनी युक्ती काढली. पूर्वी त्या काजं मोजायला करत तशीच. चार टाक्यांना गाण्याची एक ओळ, सहा ओळींना एक कडी. ओळी तिथल्या तिथे, सुईबरोबर जुळत जात.

*पहिला टाका घाली, शिडाच्या कोपऱ्याला,*
*सांगून ठेव बाई, दारीच्या वाऱ्याला.*
*दुसरा टाका घाली, दोऱ्याला लावी मेण,*
*तुझं तू ऐकशील, माझं ऐकेल कोण?*

ताई खड्ड्यातून ऐके आणि मशीन थोडं हळू चालवी.

मास्तरही येत. त्यांना शिडाला हात लावायची मनाई होती. "फितीचा माणूस दूर बरा," काकू म्हणत. त्यांना ताईनं शिडाची पिशवी शिवायला दिली. ती त्यांनी अस्तर लावून, दोन खिसे काढून, इतकी देखणी शिवली की ताईला कळेना शीड पिशवीत ठेवायचं की पिशवी शिडात गुंडाळून जपायची. "पिशवीला माप सैल घेतलंय," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "तिला चालतं ना?"

"तिला चालतं," ताई म्हणाली.

शीड तयार झालं. न्यायला मास्तर एकटेच आले.

"काकू?"

"घरी कपाट आवरतेय. सकाळपासून. हिवाळ्याचे कपडे वर टाकायचे म्हणते." त्यांनी चपला फळीवर ठेवल्या. "उद्या सकाळी निघायचंय. खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन शीड तपासायचं आणि ठीक वाटलं तर तसंच पुढे. तिला सांगितलंय. म्हणजे, विचारलंय."

"मग?"

"मग काय. बघू."

शिडाची घडी घालायला ताईनं दुसरं टोक धरलं. नवं कापड कडक, हातात कुरकुरत होतं. अर्ध्यावर मास्तर थांबले. ताईला वाटलं, दमले. ते मान वर करून म्हणाले, "ताई, माझी बाजू पुढे गेली का?"

"किंचित."

त्यांनी टोक मागे घेतलं. घडी सरळ आली. पिशवी खांद्यावर मारून ते पायऱ्या उतरले. आज शीळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई लवकर आली. दुसऱ्या कुणाच्या फाटक्या शिडाचं काम होतं, पण मशीन सुरू करायच्या आधी ती खिडकीशी गेली. खिडकीतून धक्क्याचं टोक दिसे आणि त्यापलीकडे खाडीचं पाणी, समुद्राकडे रुंद होत गेलेलं. सकाळ शांत होती, वारा नुसता पाण्याला बोट लावून बघत होता.

नऊच्या सुमाराला मास्तरांची होडी बाहेर पडली. शीड वर चढलं, पांढरं शुभ्र, सगळंच्या सगळं. एकही झोळ नाही, एकही सुरकुती नाही, उभी कड काठीला अंगासरशी बसलेली. आपलं काम लांबून बघण्याचं एक वेगळं सुख असतं, पण ताईचं लक्ष आज शिडाखाली होतं. होडीत माणसं किती? इतक्या लांबून कळत नव्हतं. सुकाणूपाशी एक ठिपका होता. त्याच्या बाजूला दुसरा, की ती पिशवी?

तिनं डोळे बारीक केले. खिडकीची काच पुसली. ठिपका तो ठिपकाच.

होडी खाडीच्या मध्यावर पोचली, छान चालली होती, थोडीशी कललेली, जशी चालताना माणसं थोडी पुढे झुकतात. आणि मग ताईला उजव्या हाताला, टेकडीच्या मागून, पाण्यावर तो रंग दिसला. गडद पट्टा. अजून लांब होता. होडीवरून तो दिसायला डोकं वळवून बघावं लागलं असतं, आणि मास्तर चांगल्या चालीत असले की डोकं वळवत नसत, हे ताईला एव्हाना ठाऊक झालं होतं.

तिचा हात काचेवर गेला. इथून ओरडून काय होणार होतं?

पट्टा पुढे सरकला. शीड तसंच, पूर्ण. ताई मनात मोजायला लागली, आणि तिच्या लक्षात आलं की ती काकूंच्या ओळींनीच मोजतेय. पहिला टाका, दुसरा टाका. तिसऱ्या टाक्याचे शब्द तिला आठवेनात.

तेवढ्यात शीड हललं. वरचं टोक खाली आलं, हातभर, मग आणखी. कापड दांड्यापाशी गोळा झालं, कुणीतरी ते पटापट बांधत होतं. शीड पुन्हा ताणलं गेलं. लहान, नीटस, आवळलेलं. काळा पट्टा अजून होडीपासून बराच लांब होता.

मग तो पोचला. खाडीचं पाणी सुरकुतलं, धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांचे दोर एकदम वाजायला लागले, ताईच्या खिडकीची काच थरथरली. मास्तरांची होडी एकदा झुकली आणि सरळ झाली. तशीच, उभीच्या उभी, पुढे जात राहिली.

ताईनं खिडकी थोडी उघडून ठेवली. मग ती खड्ड्यात उतरली, शीड सुईखाली सरकवलं, आणि सुरू करायच्या आधी तिनं डाव्या हाताची दोन बोटं उगाचच कापडाखाली घालून पाहिली. गार आणि दाट कापड. ती हसली आणि पायानं मशीन चालू केलं.